साथीला बसलेला नायक

आपल्याकडील मैफलीचे चित्र आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. मध्यभागी गवई बसतो. एका बाजूस तबला, दुसऱ्या बाजूस पेटी, आणि मागे तंबोरे घेतलेले शिष्य. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वृत्तांत येतो, त्यात गवयाच्या वाट्याला दहा ओळी येतात, तबलजीला अर्धी ओळ मिळते, आणि तंबोऱ्यावर कोण बसले होते याची चौकशीही कोणी करीत नाही. तथापि साथ उणी पडली तर बैठक कशी कोसळते, हे त्या मधल्या आसनावरच्या गवयाइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते. संगीताचा इतिहास बहुधा या मधल्या आसनाचाच लिहिला जातो. आज मी साथीच्या आसनाचा एक इतिहास आपणांस सांगणार आहे. तोही अशा एका वादकाचा, की ज्याला जगाने मधले आसन आग्रहाने देऊ केले असता तो पुन्हा पुन्हा उठून बाजूला जाऊन बसला.

हा वादक म्हणजे ‘बीटल्स’ या विख्यात इंग्रज चौकडीतील गिटारवादक जॉर्ज हॅरिसन. त्याचा जन्म २५ फेब्रुवारी १९४३ रोजी लिव्हरपूल येथे झाला. वडील बसवर नोकरीला. चार भावंडांत हा सर्वांत धाकटा. बीटल्स मंडळी १९६० ते १९७० अशी दहा वर्षे एकत्र होती. या मंडळींची बहुतेक गाणी जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी या जोडीची असत. हॅरिसनच्या रचनेला एका तबकडीवर एक, फार तर दोनतीन जागा मिळत. उरलेल्या गाण्यांत त्याने करावयाचे काय, तर दुसऱ्याच्या चालीला शोभेल अशी गिटारची चार आवर्तने बेतून द्यावयाची. हे काम त्याने चोख केले. त्याच्या अंगी साथीची जी शिस्त पुढे दिसते, तिची तालीम या घरच्या दुय्यम स्थानावरच झाली, असे मला वाटते. मनात गाणी साचत होतीच. चौकडी फुटताच १९७० च्या अखेरीस त्याचा ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हा संग्रह निघाला, तो एकदम तीन तबकड्यांचा!

भारतीय संगीताशी त्याची गाठ पडली ती एका चित्रपटाच्या निमित्ताने. १९६५ साली ‘हेल्प’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात एका उपाहारगृहाचा प्रसंग होता आणि तेथे काही भारतीय वादक बसविलेले होते. त्यांच्याजवळची सतार हॅरिसनने सहज हाती घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस निघालेल्या ‘रबर सोल’ या तबकडीतील एका गाण्यात त्याने सतार वाजविली. वादन नवशिक्याचेच होते. पण त्या स्वराने पाश्चात्त्य तरुणांत एक लाट उठविली. लाटेवर स्वार झालेले पुष्कळ होते. सतार ही शोभेची वस्तू म्हणून दिवाणखान्यात उभी राहू लागली. हॅरिसन मात्र शिक्षकाच्या शोधास लागला.

लंडनमध्ये त्या काळी ‘एशियन म्युझिक सर्कल’ नावाची एक संस्था होती. कर्नाटकातून विलायतेस गेलेले अयन अंगडी आणि त्यांच्या इंग्रज पत्नी पॅट्रिशिया हे दांपत्य ती चालवीत असे. भारतीय वादकांची गरज पडली की बीटल्स मंडळी अंगडींकडे निरोप धाडीत. १९६६ च्या एप्रिलमध्ये ‘लव्ह यू टू’ या हॅरिसनच्या गाण्यासाठी एक तबलावादक हवा होता. अंगडींनी अनिल भागवत यांना पाठविले. आपण कोणाबरोबर वाजविणार आहोत याची भागवतांना नीटशी कल्पनाही नव्हती. हॅरिसनने त्यांच्याबरोबर स्वर जुळवून घेतला, रविशंकरांच्या वळणाने सोळा मात्रांत काही वाजवावे असे सुचविले, आणि पुढे त्यांना मोकळीक दिली. ऑगस्टमध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ ही तबकडी निघाली तेव्हा तिच्या वेष्टणावर अनिल भागवत हे नाव छापलेले होते. लक्षावधी घरांत पोचलेल्या त्या पुठ्ठ्यावर एका तबलजीचे नाव यावे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

परंतु इतिहास सांगावयाचा तर पुरता सांगितला पाहिजे. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, ‘सार्जंट पेपर’ या जगप्रसिद्ध तबकडीवर हॅरिसनचे ‘विदिन यू विदाउट यू’ हे गाणे आले. त्यात दिलरुबा, तंबोरा आणि तबला वाजविणारे कलावंत लंडनमधीलच भारतीय होते. वेष्टणावर त्यांचे नाव नाही. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी ही नावे रसिकांपर्यंत पोचावयास जवळजवळ अर्धशतक जावे लागले. ज्या माणसाला साथीचे मोल कळत होते, त्याच्याही तबकडीवर साथीदार अनाम राहिले, ही नोंद मला महत्त्वाची वाटते. श्रेयाचा विसर दुष्टपणाने पडतो असे थोडेच आहे? तो बहुधा सवयीने पडतो.

१९६६ च्या जूनमध्ये अंगडींच्याच घरी हॅरिसनची पंडित रविशंकर यांच्याशी भेट झाली. पंडितजी त्या वेळी ४६ वर्षांचे, तर हॅरिसन २३ वर्षांचा. वैभव आणि कीर्ती या दोहोंत शिष्य गुरूपेक्षा कितीतरी पुढे होता, आणि तरीही सतार कशी धरावी, मांडी कशी घालावी, येथपासून त्याला आरंभ करावा लागला. सप्टेंबरमध्ये तो मुंबईस आला. ताजमहाल हॉटेलात त्याचा मुक्काम होता. ओळख लपविण्यासाठी त्याने मिशा वाढविल्या होत्या, पण बातमी फुटलीच. हॉटेलबाहेर तरुणांची झुंबड उडाली, आणि शांतपणे शिकता यावे म्हणून गुरुशिष्यांना काश्मीरची वाट धरावी लागली. पंडितजींचे मुंबईतील शिष्य शंभू दास यांनीही त्याला प्राथमिक धडे दिले.

या शिक्षणाचे फळ काय? सतारवादक म्हणून पाहिले तर फारसे नाही. १९६८ च्या सुमारास हॅरिसनने स्वतःच निर्णय केला की, लहानपणापासून दिवसाचे आठ-दहा तास रियाझ केलेल्या वादकांच्या पंक्तीला आपण कधी बसू शकणार नाही. त्याने सतार बाजूला ठेवली आणि तो गिटारकडे परतला. ‘फॅशन ओसरली’ असे कोणी म्हणेल. पण यानंतर त्याच्या गिटारमध्ये जो पालट झाला तो ध्यानात घ्यावा. बोटावर नळी चढवून ती तारांवरून सरकविण्याची जी पद्धत आहे, ती त्याने उचलली. आणि तिच्यातून त्याने असा स्वर काढला की जो एका परद्यावरून दुसऱ्या परद्यावर उडी न मारता मधल्या श्रुतींना स्पर्श करीत जातो. आपण ज्याला मींड म्हणतो तीच ही. सतार सुटली, पण मींड हातात राहिली. विद्या अशीच मुरते.

त्या निर्णयाच्या थोडेसेच आधी, जानेवारी १९६८ मध्ये, तो पुन्हा मुंबईस आला होता. ‘वंडरवॉल’ नावाच्या एका इंग्रजी चित्रपटाचे पार्श्वसंगीत त्याच्याकडे आले होते; आणि त्यातील भारतीय भाग मुंबईच्या वादकांकडूनच वाजवून घ्यावयाचा असे त्याने ठरविले. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या मुंबईतील ध्वनिमुद्रणगृहात चार-पाच दिवस बैठका झाल्या. लंडनच्या मानाने यंत्रसामग्री जुजबी होती आणि रस्त्यावरील रहदारीचा आवाज आत येई. पण वादक कोण होते ते पाहा: सरोदवर आशिष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, तबला-पखवाजावर महापुरुष मिश्र, शिवाय सतार, शहनाई आणि तारशहनाईचे वादक. शर्मा आणि चौरसिया हे तेव्हा तिशीच्या आतबाहेरचे तरुण होते. या बैठकांत हॅरिसनने स्वतः फारसे काही वाजविले नाही. तो कल्पना सांगे, ऐके, आणि पसंत पडलेले ठेवून घेई. १९६८ च्या नोव्हेंबरमध्ये हे संगीत तबकडीरूपाने निघाले. बीटल्सपैकी कोणाही एकाच्या नावावर निघालेली ही पहिली स्वतंत्र तबकडी. आणि तिच्यात नायकाच्या आवाजाचे एकही गाणे नाही!

याच बैठकांत एक जादा धून मुद्रित झाली होती. लंडनला परतल्यावर हॅरिसनने तिच्यावर ‘द इनर लाइट’ हे गीत गायिले. त्याची कल्पना चिनी ‘ताओ ते चिंग’ या ग्रंथातील असून, ती त्याला केंब्रिजचे संस्कृत अभ्यासक हुआन मस्कारो यांनी सुचविली होती. मार्च १९६८ मध्ये ते बीटल्सच्या एका तबकडीच्या मागच्या बाजूस आले. चिनी विचार, केंब्रिजच्या संस्कृतज्ञाची सूचना, लिव्हरपूलचा गायक आणि मुंबईचे वादक असा हा चौरंगी मेळ तीन मिनिटांहूनही कमी अवधीचा आहे. ही धून आपण लक्षात ठेवावी. शेवटी ती पुन्हा आपल्या कानी पडणार आहे.

श्रोतेहो, साथीदाराचे नाव गाळले जाण्याचा अनुभव हॅरिसनला स्वतःलाही आला, मात्र आपखुशीने. १९६८ साली बीटल्सच्या एका गाण्यात त्याने आपला मित्र एरिक क्लॅप्टन याला गिटार वाजवावयास बोलाविले. क्लॅप्टनचे नाव वेष्टणावर आले नाही. उलट क्लॅप्टनच्या ‘क्रीम’ या मंडळीच्या ‘बॅज’ या गाण्याच्या रचनेत आणि वादनात हॅरिसनने भाग घेतला. ध्वनिमुद्रण-कंपन्यांचे करार आडवे येत असल्याने तेथे वादक म्हणून ‘लांजेलो मिस्तेरिओसो’, म्हणजे ‘गूढ देवदूत’, असे इटालियन टोपणनाव छापण्यात आले. करारपत्रांच्या त्या जगात मैत्रीला असा बुरखा घालून वावरावे लागे. पुढे १९७६ साली अमेरिकन न्यायालयाने ‘माय स्वीट लॉर्ड’ या त्याच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याची चाल एका जुन्या गाण्यावरून त्याने नकळत उचलली असा निर्णय दिला. ऐकलेले सूर मनात कोठे जाऊन बसतात आणि आपले म्हणून कधी बाहेर येतात, याचा हिशेब ठेवणे कलावंताला किती अवघड असते, ते या खटल्याने दाखविले.

आता मी त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या साथीकडे वळतो. मार्च १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात लष्कराचा वरवंटा फिरू लागला. त्या भूमीला आदल्या नोव्हेंबरात भीषण चक्रीवादळाने झोडपलेले होते. निर्वासितांचे लोंढे भारतात येऊ लागले. वर्षअखेर त्यांची संख्या सुमारे १ कोटीवर गेली. रविशंकरांच्या घराण्याचे मूळ त्याच पूर्व बंगालचे. त्यांचे गुरू मैहरचे बाबा अल्लाउद्दीन खाँ यांचे जन्मगावही तेथलेच. स्वतः एखादा कार्यक्रम करून थोडीबहुत मदत धाडावी असा पंडितजींचा विचार होता. त्यांनी तो हॅरिसनला सांगितला, आणि हॅरिसनने आपले नाव, आपले मित्र आणि आपला सारा वेळ त्यांच्या स्वाधीन केला. सुमारे सहा आठवडे तो दूरध्वनीवरून एकेका वादकाला गाठीत होता.

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुपारी आणि रात्री असे दोन जलसे झाले. मिळून सुमारे ४०,००० श्रोते आले. बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार, बिली प्रेस्टन, लिऑन रसेल अशी मोठमोठी मंडळी होती. परंतु जलशाचा आरंभ झाला तो सतार आणि सरोद यांच्या जुगलबंदीने. पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ हे गुरुबंधू, तबल्यावर उस्ताद अल्लारखा, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. भारतीय संगीत शांतपणे ऐकावे अशी विनंती हॅरिसनने आधीच केली होती. वादक वाद्ये जुळवू लागले. ते थांबताच सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला! स्वर जुळविणे इतके आवडले असेल तर वादन अधिकच आवडेल अशी आशा आहे, असे पंडितजी मिस्कीलपणे म्हणाले. मग ‘बांगला धून’ झाली. ज्या प्रदेशातील लोकांसाठी हा जलसा होता, त्याच मातीचे सूर त्या रात्री आधी वाजले, आणि मागून गिटारी आल्या. हा क्रम हॅरिसनने ठरविला यात त्याची सारी समज आली. लोक कोणासाठी तिकीट काढून आले होते हे तो जाणत होता. आणि म्हणूनच त्याने आपले श्रोते गुरूच्या पुढ्यात आणून बसविले.

या दोन जलशांच्या तिकिटांतून २,४३,४१८ डॉलर आणि ५० सेंट जमले आणि ते ‘युनिसेफ’कडे गेले. पण त्याहून कितीतरी मोठी रक्कम तबकड्या आणि चित्रपट यांतून यावयाची होती. तेथे अडचण उभी राहिली. जलशापूर्वी धर्मादाय कार्य म्हणून करमाफीची व्यवस्था रीतसर करून घेतलेली नव्हती. त्यामुळे अमेरिकन करखात्याने आक्षेप घेतला आणि पैसा दहाएक वर्षे अडकून पडला. इंग्लंडातही तबकड्यांवरील कर सरकारने सोडला नाही. निर्वासितांची निकड आजची, आणि चौकशीचा निकाल दशकानंतरचा! मदतीसाठी जलसे करण्याची जी प्रथा पुढे जगभर रूढ झाली, तिचा पाया या जलशाने घातला. आणि सत्कार्यालाही हिशेबनीस आधी लागतो, हा धडाही त्यानेच दिला. तथापि त्या रात्री ‘बांगला देश’ हे नाव अमेरिकेच्या घराघरांत पोचले, हा लाभ कोणत्याही कराच्या कचाट्यात सापडण्यासारखा नव्हता.

या यशाने हॅरिसनचा हुरूप वाढला. १९७४ मध्ये त्याने ‘डार्क हॉर्स’ ही स्वतःची ध्वनिमुद्रण-संस्था काढली. तिच्या अगदी पहिल्या तबकड्यांपैकी एक रविशंकर आणि त्यांच्या मंडळींची होती. त्याच वर्षी पंडितजींनी भारतातून मोठा वृंद जमविला. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, अल्लारखा, सारंगीवर सुलतान खाँ, व्हायोलिनवर एल. सुब्रह्मण्यम्, गायनाला लक्ष्मी शंकर असे एकाहून एक कलावंत त्यात होते. हॅरिसनने युरोपात त्यांचे कार्यक्रम करविले, आपल्या घरी त्यांचे ध्वनिमुद्रण केले, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांना बरोबर घेऊन उत्तर अमेरिकेचा दौरा काढला.

हा दौरा पुरता फसला, असे त्या वेळच्या बहुतेक टीकाकारांनी लिहिले. हॅरिसनचा घसा बसलेला होता. दौऱ्याच्या तोंडावर नवी तबकडी पुरी करण्याच्या घाईत आवाजाची दैना झाली होती. लोक बीटल्सची जुनी गाणी ऐकावयास आले होते. ती मोजकीच मिळाली, आणि जी मिळाली त्यांचे शब्दही मधूनमधून बदललेले. सारंगी आणि संतूर ऐकण्याचा धीर त्या अफाट क्रीडागारांत पुष्कळांना नव्हता. अशातच शिकागो येथे पंडितजींना हृदयविकाराचा झटका आला. मधले आसन रिकामे झाले. तेव्हा लक्ष्मी शंकर पुढे झाल्या आणि त्यांनी वृंदाचे संचालन हाती घेऊन कार्यक्रम चालू ठेवले. साथ म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही. मुख्य कलावंताला झाकून टाकण्याची हाव नसते, पण वेळ आली तर त्याची जागा सांभाळण्याची तयारी असते, ती साथ.

हॅरिसनचे चुकले कोठे? माझ्या मते हेतूत नव्हे, जागेच्या निवडीत. मॅडिसन स्क्वेअरला एक दुःख सर्वांच्या मनात होते. त्या दुःखाने श्रोत्यांना धीर दिला. १९७४ च्या दौऱ्यात तसे काही समान नव्हते. गुरूविषयीचा आदर शिष्याचा असतो. तो तिकिटाबरोबर श्रोत्याला देता येत नाही. तरीही मागे वळून पाहता, पुढे जगन्मान्य झालेले इतके भारतीय कलावंत एका रंगमंचावर अमेरिकेच्या शहरांतून फिरले, ते त्या बसलेल्या घशाच्या माणसाच्या खर्चाने आणि हट्टाने. त्यानंतर जवळजवळ १७ वर्षे, १९९१ मधील जपानच्या दौऱ्यापर्यंत, हॅरिसनने दौरा असा काढलाच नाही.

त्याच्या इतर उद्योगांपैकी चित्रपटांचा उल्लेख थोडक्यात करतो. १९७८ साली ‘मॉन्टी पायथन’ या विनोदी नटमंडळींच्या चित्रपटाचा भांडवलदार ऐन वेळी मागे सरला, तेव्हा हॅरिसनने आपली मालमत्ता गहाण टाकून पैसा उभा केला. त्यातून ‘हँडमेड फिल्म्स’ ही कंपनी जन्मास आली आणि दहा-बारा वर्षांत तिने ब्रिटिश चित्रपटसृष्टीला काही चांगले चित्रपट दिले. पण अखेर व्यवहार बिघडला. १९९४ मध्ये कंपनी विकली गेली, आणि भागीदाराविरुद्धच्या दाव्यात १९९६ साली न्यायालयाने हॅरिसनला १ कोटी १० लाख डॉलरांहून अधिक रक्कम देवविली. मित्रांवर विश्वास टाकण्याच्या स्वभावाची ही दुसरी बाजू.

तोच स्वभाव १९८८ मध्ये पुन्हा फळास आला. एका छोट्या तबकडीसाठी त्याला एक जादा गाणे तातडीने हवे होते. जेफ लिन आणि रॉय ऑर्बिसन बरोबर होते. डिलनच्या घरी ध्वनिमुद्रणाची सोय होती. गिटार राहिली होती टॉम पेटीच्या घरी, म्हणून तोही आला. डिलनच्या गाडीखान्यातील एका खोक्यावर ‘जपून हाताळा’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना होती. तेच गाण्याचे शीर्षक झाले. गाणे इतके साधले की पाचांनी मिळून आख्खी तबकडीच केली. पाचही जणांनी आपली नावे टाकून ‘विल्बरी’ या आडनावाचे सावत्र भाऊ म्हणून मिरविले, आणि गाण्यांचे श्रेय साऱ्या मंडळींच्या नावावर लिहिले. एकेका मैफलीचे पाच नायक एकमेकांच्या साथीला बसले होते. त्या डिसेंबरातच ऑर्बिसन निवर्तला. नंतर चित्रित केलेल्या एका गाण्यात त्याच्या कडव्याच्या वेळी झुलत्या खुर्चीत नुसती गिटार ठेवलेली दिसते. रिकाम्या आसनाचा मान राखणे म्हणजे काय, हे या मंडळींना कळत होते.

हॅरिसनचे पंडितजींबरोबरचे अखेरचे मोठे काम म्हणजे १९९७ मधील ‘चँट्स ऑफ इंडिया’. वेद-उपनिषदांतील मंत्र आणि प्रार्थना यांचे हे ध्वनिमुद्रण काही मद्रासला, तर काही हॅरिसनच्या इंग्लंडमधील घरी झाले. संगीत पंडितजींचे, निर्मितीची बाजू हॅरिसनची, आणि लागेल तेथे लहानसहान वाद्यांची साथही त्याचीच. एकतीस वर्षांपूर्वी मांडी घालावयास शिकलेला शिष्य गुरूच्या मंत्रांना स्वर कमी पडू नये म्हणून बाजूला बसला होता.

२९ नोव्हेंबर २००१ रोजी वयाच्या ५८ व्या वर्षी हॅरिसनचे निधन झाले. बरोबर एक वर्षाने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मित्रांनी त्याच्या स्मरणार्थ जलसा केला. त्याचा पूर्वार्ध भारतीय संगीताचा होता. पंडितजींनी त्यासाठी ‘अर्पण’ ही रचना बांधली, तिचे संचालन त्यांची कन्या अनुष्का हिने केले, आणि क्लॅप्टन त्या भारतीय वृंदात गिटार घेऊन साथीला बसला. त्याच रात्री जेफ लिनने ‘द इनर लाइट’ गायिले, आणि अनुष्काने सतारीची साथ केली. चौतीस वर्षांपूर्वी मुंबईच्या रहदारीच्या आवाजात बांधलेली ती धून अशी परत आली. पंडितजी स्वतः त्यानंतर दहा वर्षे होते. ११ डिसेंबर २०१२ रोजी त्यांनी इहलोक सोडला.

श्रोतेहो, या इतिहासातून हॅरिसनला थोर सतारिया ठरवावे, किंवा कुशल व्यवहारी ठरवावे, असे काही निष्पन्न होत नाही. निष्पन्न होते ते इतकेच की, कीर्ती ही उसनी देता येण्यासारखी वस्तू आहे. आणि ज्याने ती दिली, त्याच्याजवळ ती कमी झाली नाही. मात्र हिशेबाची एक ओळ अजून आपल्याकडे बाकी राहते. हॅरिसनचे नाव जगाला सांगावे लागत नाही. अनिल भागवत, महापुरुष मिश्र, नटवर सोनी, कमला चक्रवर्ती ही नावे मात्र सांगावी लागतात. पुढच्या वेळी एखाद्या मैफलीचा वृत्तांत लिहिताना किंवा वाचताना तंबोऱ्यावर कोण होते एवढे आपण विचारले, तर ती बाकी थोडी फिटेल.